ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

नागपुरातल्या आमच्या सीए मॅडमच्या ऑफिसला चार तारे देते. पाचवा धंतोलीच्या पार्किंगने खाल्ला, आणि थोडा मॅडमच्या ऑफिसच्या फोनने, जो महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास कोणी उचलत नाही.

ऑफिसचं नाव लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. मी मॅडमना विचारलं होतं की तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का. त्या म्हणाल्या, "ताई, लिहा, पण नाव नका टाकू. आम्हा सीए लोकांना जाहिरात करायला मनाई आहे. उद्या कोणी म्हणेल मीच लिहवून घेतलं." १९४९ सालचा कायदा आहे म्हणे. मला तर रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर "जीएसटी ४९९ रुपयांत" असे कागद चिकटलेले दिसतात. ते लोक सीए नसतात हे मला आत्ता आत्ता कळलं. तर नाव नाही. ज्याला खरंच पाहिजे असेल त्याने महाल भागात आमच्याकडे मसाला घ्यायला यावं, तोंडी सांगीन.

आमचा धंदा छोटा आहे. सावजी मसाला, तिखट, हळद, उडदा-मुगाचे पापड आणि उन्हाळ्यात कैरीचं लोणचं. सासूबाई घरच्या खलबत्त्यात कुटायच्या, तिथून सुरू झालं. आता पाच बाया कामाला आहेत. मशीन आमचे हे बघतात. बाकी लायसन, बँक, बिलं, उधारी, सगळं माझ्या नावावर. विक्री वर्षाला ३८ लाखांच्या आसपास जाते. ऐकायला खूप वाटतं, पण त्यातले अर्धेअधिक पैसे कळमन्याच्या बाजारात मिरचीतच जातात.

आधी आमचं काम एक टॅक्सवाले भाऊ बघायचे. त्यांचं नाव, गल्ली, काहीच सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड आहे. दर महिन्याला घरी यायचे, चहा घ्यायचे, ८०० रुपये घ्यायचे, मी वहीच्या पानावर विक्रीचा आकडा लिहून द्यायची तो कागद खिशात घालायचे. २०१९मध्ये एका दुकानाने पक्कं बिल मागितलं म्हणून त्यांनीच जीएसटी नंबर काढून दिला आणि आम्हाला कंपोझिशनमध्ये टाकलं. कंपोझिशन म्हणजे छोट्या धंदेवाल्यांसाठीची सोपी पद्धत. ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही, आपल्या खिशातून विक्रीवर १ टक्का भरायचा, हिशेब तीन महिन्यांतून एकदा. दीड कोटी विक्रीपर्यंत चालते. नंबर काढताना त्यांनी मोबाइल स्वतःचा टाकला, ईमेलही स्वतःचा. "ताई, तुम्हाला ओटीपीचा ताप नको," म्हणाले. मी खूश. शेजारणीला सांगत सुटले, आमचे भाऊ किती चांगले, काही बघावं लागत नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत रामदासपेठेतल्या एका मोठ्या दुकानातून अकाउंटंट पोराचा फोन आला. आमचा माल तिथे चार वर्षं जात होता. म्हणाला, "काकू, तुमचा जीएसटी नंबर कॅन्सल दाखवून राहिला."

मी म्हटलं, "नीट टाक बेटा. शून्य की ओ ते बघ एकदा."

त्याने नीटच टाकला होता. भाऊंना फोन केला तर म्हणाले सर्व्हर डाउन असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले गावाला आहे. तिसऱ्या दिवसापासून घंटी वाजत राहिली. हे दोनदा त्यांच्याकडे जाऊन कुलूप बघून आले. दुकानाने आमचं ६२ हजारांचं पेमेंट थांबवलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबवलं असतं.

धंतोलीचं ऑफिस नणंदेच्या जावयाने सांगितलं. हॉस्पिटलांच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, जिना अरुंद. आत पाच-सहा पोट्टे-पोट्ट्या लॅपटॉप घेऊन बसलेले, आर्टिकल म्हणतात त्यांना, सीए होण्याआधी तीन वर्षं अशी उमेदवारी करावी लागत असे, आता दोन वर्षं झाली आहे. मी फाइल पुढे केली आणि आपली कहाणी सुरू केली. मॅडमनी फाइल उघडलीच नाही. विचारलं एवढंच, "ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?"

"भाऊंच्या."

"ईमेल?"

"त्यांचाच."

मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर टाकून बघता येतो, चालू आहे की बंद. हे मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या नंबरापुढे रद्द लिहिलेलं, तारीख ११ जानेवारी. मॅडमनी टेबलावरचं कालनिर्णय उलटवून बोटाने दिवस मोजले. रद्द झालेला नंबर परत चालू करायला आदेशापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. चाळीस गेले होते. "पन्नास आहेत, भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. इथे मला पहिल्यांदा रडू आलं. भीतीने आलं नाही. इतके दिवस जो तो "बघू, बघू" करत होता, आणि ही पहिली बाई होती जिने आकडा सांगितला.

पुढचं काम किचकट होतं, थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारख्या कित्येक जणी याच खड्ड्यात असतील. पोर्टलवर आधीच्या माणसाचा मोबाइल आणि ईमेल असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर आपला नंबर ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो त्याच्याकडे जायचं. मालकीचा पुरावा द्यायचा. मी पॅन, आधार, लाइट बिल आणि अर्ज घेऊन सिव्हिल लाइन्सला दोनदा गेले. खात्री पटली की तिथून आपला मोबाइल आणि ईमेल चढवून देतात आणि नवा पासवर्ड आपल्याला येतो. मॅडमनी यासाठी स्वतः यायला नकार दिला. "तुमचा धंदा आहे, तुम्ही जा, अधिकाऱ्याला तोंड दाखवा. अडलं तर मी येते." तेव्हा राग आला होता. फी घेता आणि मलाच पाठवता? आता वाटतं बरं झालं. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि माझ्या आधी बाहेर बसलेला फॅब्रिकेशनवाला हाच रोग घेऊन आला होता.

माझ्या धंद्याचा पहिला ओटीपी माझ्या फोनवर आला तेव्हा मी कळमन्यात मिरचीच्या ढिगाजवळ शिंकत उभी होते. सहा आकडे. मी ते ऑफिसात कळवायचं सोडून नुसती बघत बसले, आणि तेवढ्यात त्याची मुदत संपली. दुसरा मागवावा लागला. आर्टिकल पोट्टा वैतागला असेल.

लॉगिन उघडल्यावर भाऊंची पाच वर्षांची करामत दिसली. तिमाहीचा हिशेब त्यांनी भरला होता, पण कसा? ओळीने प्रत्येक तिमाहीला विक्री २,१५,००० रुपये. दिवाळी असो की पावसाळा, २,१५,०००. मी वहीच्या पानावर लिहून दिलेले आकडे त्यांनी कुठे टाकले देव जाणे. आणि वर्षाचं जे रिटर्न असतं, जीएसटीआर-४, ते २०२२-२३चं भरलंच नव्हतं. त्यावरून कारणे दाखवा नोटीस आली, ती त्यांच्या ईमेलवर. उत्तर गेलं नाही, नंबर रद्द. त्या उशिराची लेट फी किती होती माहीत आहे? जास्तीत जास्त २,००० रुपये. दोन हजारांसाठी आमचं दुकान कागदावर बंद पडलं होतं.

इथपर्यंत मला वाटत होतं की सगळा दोष भाऊंचा. मग मॅडमनी विक्रीची वही मागितली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे छिंदवाडा काय आहे?"

"तिथल्या एका किराणावाल्याला माल जातो. दर पंधरा दिवसांनी. एप्रिल २०२२पासून."

"ताई, छिंदवाडा मध्य प्रदेशात आहे."

मला माहीत होतं की. माझी मावशी दिली आहे तिकडे. मला माहीत नव्हतं ते हे, की कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. ज्या दिवशी पहिली पेटी सीमेपार गेली त्या दिवशी आम्ही कंपोझिशनमधून बाहेर पडलो, फक्त आम्हाला आणि सरकारला ते कळायचं होतं. आपल्या नागपूरला ही गोष्ट जास्तच चावते. पुण्यातल्या बाईने चारशे किलोमीटर माल पाठवला तरी तो महाराष्ट्रातच राहू शकतो. आमच्याकडे शंभर किलोमीटरच्या आतच राज्य संपतं. सिवनी, बालाघाट, रायपूर, सगळी सोयरीक तिकडे आणि गिऱ्हाईकही तिकडेच. आणि हे कंपोझिशनपुरतंच नाही. विक्री ४० लाखांच्या आत आहे म्हणून मालाला जीएसटी नंबर लागत नाही असं ज्या घरगुती मसालेवाल्या समजतात, त्यांनी रायपूरला एक पार्सल विकलं तरी नंबर घ्यावा लागतो. नुसते पापड विकत असाल तर सूट, कारण पापडावर करच नाही.

यातली गंमत अशी, की आमची गाडी छिंदवाडा रोडने जायची, आणि त्याच रोडवर प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी आहे. देशभरातले इन्कम टॅक्सचे साहेब तिथे शिकून बाहेर पडतात. दोन वर्षं दर पंधरवड्याला आमच्या चुकीच्या बिलाच्या पेट्या त्यांच्या गेटवरून गेल्या. हे म्हणाले, "पण ते तर इन्कम टॅक्सवाले आहेत, आपला लोच्या जीएसटीचा आहे." एवढाच दिलासा.

मग पैशांचं बोलणं झालं. छिंदवाडा सुरू झाल्यापासून मसाल्यावर ५ टक्के, लोणच्यावर तेव्हाचे १२ टक्के, असा नेहमीच्या पद्धतीने कर लावून, कंपोझिशनमध्ये भरलेलं वजा करून, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. सगळं मिळून ९६,४०० रुपये निघाले. मी म्हटलं, "मॅडम, नोटीस तर याची आलेली नाही. छिंदवाड्याचं कोणाला कळणार?" माझ्या तोंडून हे निघालं हे कबूल करते, कारण इथे लिहिणारा प्रत्येक जण आपण हरिश्चंद्र असल्यासारखं लिहितो. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, स्वतःहून, नोटीस यायच्या आधी, व्याजासकट भरलं तर दंड लागत नाही. नोटीस आल्यावर दंडही बसू शकतो. छिंदवाड्याचा दुकानदार त्याच्या खात्यात तुमचं बिल दाखवतो आहे, त्याच्याकडून कधी ना कधी कळेल. "मी तुम्हाला दोन्ही आकडे काढून देते, तुम्ही घरी बोला." आणि खरंच कागदावर दोन आकडे लिहून दिले. घरी बोलण्यासारखं काही नव्हतं. पोराच्या कॉलेजसाठी ठेवलेली आरडी मोडली. डीआरसी-०३ नावाच्या फॉर्मने पैसे भरले. राहिलेली रिटर्नं भरली, अर्ज केला, २६ दिवसांनी नंबर परत चालू झाला. रामदासपेठेच्या दुकानाने ६२ हजार सोडले.

त्यानंतर आम्ही छिंदवाडा सोडून परत कंपोझिशनमध्ये जाऊ शकलो असतो. मला तेच सोपं वाटत होतं. मॅडमनी एका पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. कंपोझिशनमध्ये ३८ लाखांवर १ टक्का म्हणजे ३८,००० आमच्या खिशातून. त्यात पापडही आले, कारण माल स्वतः बनवणाऱ्याला करमाफ मालाच्या विक्रीवरही तो टक्का भरावा लागतो. करमाफ विक्री फक्त नुसत्या दुकानदाराला सोडता येते, आम्हाला नाही. हे ऐकून मी उडालेच. नियमित पद्धतीत पापडावर शून्य, मसाल्यावरचा ५ टक्के गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, आणि आपण पाउच, पेट्या, मशीन यांवर भरलेला कर त्यातून वळता करून घ्यायचा, त्यालाच क्रेडिट म्हणतात. आम्ही नवा पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, घ्यायच्या विचारात होतो, २ लाख १० हजारांचा. त्यावरच ३७,८०० जीएसटी. कंपोझिशनमध्ये ते पैसे गेले म्हणजे गेले.

मग एक प्रश्न विचारला ज्यावरून मला कळलं की बाईला नुसता कायदा येत नाही, धंदा दिसतो. "या मशीनवर पापडाची उडीद डाळपण दळणार का?" म्हटलं नाही, चक्की वेगळी आहे. "मग पूर्ण क्रेडिट मिळेल. एकाच मशीनवर दोन्ही दळलं असतं तर पापडाच्या वाट्याचं सोडावं लागलं असतं." भाऊ पाच वर्षं आमच्या घरी चहा प्यायले, पण आमच्याकडे चक्क्या किती हे त्यांना सांगता आलं नसतं.

इन्कम टॅक्सचा किस्सा मात्र माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठा आहे. आमच्यासारख्यांना हिशेबाची चोपडी न ठेवता विक्रीवर अंदाजाने नफा दाखवायची सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी. रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर किमान ६. भाऊ सरसकट ६ लावायचे. ३८ लाखांवर २,२८,०००. "कमीत कमी दाखवू ताई, टॅक्स वाचेल." त्याच रिटर्नवर २०२३मध्ये आम्ही बँकेत मशीनसाठी कर्ज मागायला गेलो. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांना केंद्राची पीएमएफएमई योजना होती, ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. सबसिडी कर्जाला जोडलेली, म्हणजे आधी बँकेने हो म्हणायला पाहिजे. मॅनेजरने रिटर्न बघितलं आणि विचारलं, "महिन्याला एकोणीस हजार कमाई, दोन मुलं, हप्ता कुठून भरणार?" खरं बोलायची सोय नव्हती. कागदावर आम्ही गरीब होतो.

मॅडमनी एक अख्खी दुपार माझ्याकडून खर्च लिहवून घेतला. मिरची, धने, खसखस, बायांचा रोज, लाइट बिल, पाउच, छिंदवाड्याचं भाडं, दुकानदारांचं कमिशन. निघाला नफा १४ टक्के. म्हणजे ५,३२,०००. मी म्हटलं आता मेलो, एवढ्यावर टॅक्स किती? त्यांनी मान हलवली. नव्या कर पद्धतीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर शून्य होता. सव्वादोन लाख दाखवले तरी शून्य, सव्वापाच दाखवले तरी शून्य. बरं, ६ आणि ८ टक्के ही खालची पायरी आहे. जास्त कमावलं तर जास्तच दाखवायचं असतं, कायदाही तेच म्हणतो. मी जिन्यावरून उतरताना हिशेब करत होते की भाऊंच्या पद्धतीने त्या वर्षी आमचा नेमका किती टॅक्स वाचला असता. शून्यातून शून्य गेले. असल्या हिशेबापायी मॅनेजरसमोर मान खाली घालून बसले होते मी.

२०२३-२४चं रिटर्न खऱ्या आकड्याने भरलं. जानेवारी २०२५मध्ये कर्ज मंजूर झालं. मागितलं होतं त्याहून कमी, पण झालं. इथे एक तक्रारही नोंदवते. बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टची फी मॅडमनी वेगळी घेतली, ७,००० रुपये, आणि ती आधी सांगितली नव्हती. शिवाय पुढच्या तीन वर्षांची विक्री मी थोडी फुगवून सांगितली तर त्यांनी ती परत खाली आणली. "तेवढी मिरची भाजायला जागा कुठे आहे तुमच्याकडे?" म्हणाल्या. मुद्दा बरोबर होता, पण आर्टिकल पोट्ट्यांसमोर बोलायला नको होतं.

उधारीच्या बाबतीत त्यांचा सल्ला सोन्यासारखा निघाला. रामदासपेठेचं दुकान माल घ्यायचं आणि नव्वद दिवसांनी पैसे द्यायचं. मॅडमनी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावली. ती सरकारी साइटवर फुकट होते. माझ्या मैत्रिणीने त्याच कामाचे कोणाला तरी १,५०० रुपये दिले होते. तो उद्यम नंबर बिलावर छापायचा. माल बनवणाऱ्या छोट्या उद्योगाला लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत उलटून मार्चअखेर ते थकलेच, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हे २०२३-२४पासून सुरू झालं. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदाराला हा फायदा नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. मॅडमनी बजावलं होतं की काही दुकानं अशा वेळी उद्यमवाल्याकडून माल घेणंच बंद करतात, तेव्हा भांडायला जाऊ नका, गोडीने सांगा. मी बिलासोबत तिळाच्या चटणीची पुडी पाठवली आणि अकाउंटंट पोराला सांगितलं, बेटा, तुमच्याच ऑडिटात अडेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळी जुनी उधारी आली. आता साधारण चाळीस दिवसांत येते. एका गोकुळपेठच्या दुकानाने मात्र खरंच माल बंद केला. होतं असं.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. दर महिन्याला ऑफिसातून मेसेज येतो की अमुक पाउचवाल्याने रिटर्न भरलं नाही, तुमचे ३,२४० रुपये क्रेडिट दिसत नाही, त्याला फोन करा. आधी मला हे त्यांचंच काम वाटायचं. आता मीच पाउचवाल्याच्या मागे लागते, आणि पैसे देतानाच सांगते की बिल चढवलं की उरलेले मिळतील. भिवापूरच्या शेतकऱ्याकडून थेट मिरची घेतली आणि रोख दिले तर चालतं, पण दलालाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर उद्या हिशेबाची चोपडी ठेवायची वेळ आल्यावर तो खर्च धरणार नाहीत, म्हणून सवय आत्तापासून लावा, हेही त्यांचंच. आणि वर्षाचा व्यवसाय कर, २,५०० रुपये. तो असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मागचा भरावा लागला. बायांचा नाही कापावा लागत, महिना २५ हजारांपर्यंत बायांच्या पगारावर तो माफ आहे. आमच्याकडे बायांना पंचवीस हजार कुठले.

सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा ३ तारखेला रात्री दिल्लीत निर्णय झाला आणि ४ तारखेला दुपारी मला मॅडमच्या ऑफिसातून मेसेज होता. लोणचं १२वरून ५वर, पुठ्ठ्याच्या पेट्याही १२वरून ५वर, मसाला होता तिथेच ५, पापड शून्य, २२ तारखेपासून बिलात बदला, त्याआधी नाही. दोन ओळी. माझ्या मराठीत. शेजारच्या फरसाणवाल्याने आठवडाभर व्हॉट्सअॅपवर फिरणारे वीस फॉरवर्ड वाचले आणि शेवटी मलाच विचारायला आला.

आता कुरकुर. फी महिन्याला १,५०० आणि वर्षाच्या रिटर्नचे ६,०००, म्हणजे भाऊंच्या अडीचपट. दर काही महिन्यांनी आर्टिकल बदलतो आणि आपण नव्याला पहिल्यापासून सांगायचं की काळा मसाला आणि सावजी मसाला वेगळा. अशाच एका नव्या पोट्टीने छिंदवाड्याचं बिल नागपूरचं समजून टाकलं, आयजीएसटी म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर, त्याच्या जागी राज्याचा आणि केंद्राचा अडीच-अडीच टक्के. चूक मला सापडली, त्यांना नाही. मॅडमनी पुढच्या रिटर्नात दुरुस्त करून दिली आणि त्या महिन्याची फी घेतली नाही, हे खरं. पण सापडली मला. दुसरं, वाट बघावी लागते. अकराची वेळ घेतली तर पावणेबाराला आत. रिटर्नची मुदत जवळ आली की तर जाऊच नका. २०२५मध्ये इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, मग अजून एक दिवस वाढली, आणि त्या दिवशी ऑफिसात माझ्यापुढे अकरा माणसं होती, त्यातला एक डबा घेऊन आला होता. बोलताना मॅडम घाईत असल्या की इंग्रजी शब्दांचा पाऊस. हात वर करून थांबवावं लागतं. थांबतात मात्र, आणि परत सांगतात.

खोटी खरेदीची बिलं लावून टॅक्स कमी करून द्या असं सांगायला कोणी जाणार असेल, तर त्याने पेट्रोल वाचवावं. माझ्यासमोर एका धिप्पाड माणसाला त्यांनी फाइल बंद करून परत दिली. तो "सगळेच करतात" म्हणत जिना उतरला. त्याच्या मागे आर्टिकल पोट्टा पंखा बंद करायला उठला, एवढीच काय ती गडबड.

भाऊ मधे एकदा बर्डीवर दिसले. फुटपाथवर संत्री घेत होते. मला बघून म्हणाले, "ताई, सर्व्हरचा लय त्रास होता हो तेव्हा." मी म्हटलं, हो ना. काय बोलणार. त्यांच्याकडे अजून किती जणींचे ओटीपी जात असतील हा विचार मात्र घरी येईपर्यंत डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर हे लिहायला तेव्हाच बसले.

१ एप्रिल २०२६पासून इन्कम टॅक्सचा अख्खा नवा कायदा लागू, कलमांचे आकडे वेगळे, ४४एडी म्हटलं तर नवी पोरं तोंडाकडे बघतील. त्याआधीच्या दिवाळीत फराळ द्यायला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी फारसं बदलणार नाही, पण मार्चमध्ये एकदा या. १५ मार्चला वर्षाचा अॅडव्हान्स टॅक्सही बघायचा असतो, लागलाच तर.

जायचं असेल तर चारचाकी नेऊ नका, दुचाकीही हॉस्पिटलवाले लावू देत नाहीत. मेट्रोने काँग्रेसनगरला उतरा आणि पायी या. मागच्या वर्षाचं रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, खरेदीची बिलं सोबत ठेवा, आणि फोन चार्ज करून न्या.